आजचं खरं

परिपाठातला ‘आजचा सुविचार’ बंद झाला आणि त्याच्या जागी ‘आजचं खरं’ आलं, तेव्हा गडहिंग्लजच्या त्या शाळेतल्या बहुतेक शिक्षकांना बरंच वाटलं. सुविचार मुलं रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधून आणत. आता रोज प्रार्थना संपली की नववीतला एक विद्यार्थी माइकपुढे येई आणि आदल्या दिवशीची आपली एक चूक सांगे.

“काल मी बीजगणिताचा गृहपाठ समर्थचा बघून लिहिला.”

मुख्याध्यापक नांदवडेकर सर शेजारीच उभे असत. ते मान हलवत, “हं, बरोबर,” म्हणत आणि मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवत. लगेच त्या मुलाचा चेहरा निवळे, खांदे सैल पडत.

रोहिणी हत्तरकीला हे निवळणं खटकायचं. ती त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगात दर वेळी अगदी तेच वाचन आलं, तर आधी उपकरणाचा संशय घ्यावा, असं ती मुलांना सांगायची. माइकपुढे येणारी मुलं वेगवेगळी होती. कुणी लाजरं, कुणी आगाऊ, कुणी तोतरं. निवळणं मात्र सगळ्यांचं सारखं होतं.

आणि त्या मुलांमध्ये तिची ओवी होती.

उपकरणाचं नाव ‘सन्मती’. मुलं त्याला चिमटा म्हणत, कारण तो कानाच्या खळग्यात चिमट्यासारखा बसायचा. व्हेगस नावाची एक लांब नस मेंदूच्या मुळापासून निघते आणि हृदय, फुप्फुसं, पोट करत खाली जाते. तिची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात, कातडीच्या अगदी खाली असते. तिथे मुंगी चालल्यासारखा सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला, की मेंदूच्या मुळाशी काही रसायनं सुटतात आणि त्या क्षणी ज्या पेशी एकमेकींशी बोलत होत्या त्यांच्यातली जोडणी पक्की होते. मेंदूला निरोप जातो : आत्ता जे झालं ते धरून ठेव. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा चालता करायला हे तंत्र आधी वापरलं गेलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, हात शिकतो तर मन का नाही?

चिमटा नाडीही बघायचा. मनात ओढाताण सुरू झाली की नाडीच्या ठोक्यांमधली लय बदलते. तशी ती बदलली की शिक्षकांच्या टॅबवर त्या मुलाच्या नावापुढचा ठिपका पिवळा व्हायचा, मन स्वस्थ असलं की हिरवा. मूल खरं बोललं की मोठ्या माणसाने घड्याळावरचं बटण दाबायचं, नसेवर मुंगी चालायची आणि खरेपणा पक्का व्हायचा. वर्षाअखेरीस चिमटा काढला तरी वळण राहील, असं कंपनी सांगत होती.

रोहिणीने हे सगळं वाचलं होतं आणि वाचूनच संमती दिली होती. आदल्या वर्षी दहावीच्या मुलांनी एका मुलाचा स्वच्छतागृहातला व्हिडिओ गावभर फिरवला होता. तो मुलगा शाळा सोडून मामाकडे बेळगावला गेला. व्हिडिओ कुणी काढला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सगळा वर्ग माना खाली घालून गप्प बसला होता. त्यानंतर नांदवडेकर सर स्टाफरूममध्ये म्हणाले होते, “मूल्यशिक्षणाचा तास तीस वर्षं घेतोय मी. गोष्टी सांगतोय, तक्ते लावतोय. काय उपयोग झाला?” तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या हेतूबद्दल रोहिणीला शंका नव्हती.

शंका घरात सुरू झाली.

दिवाळीला ओवीची आत्या आली होती. जेवताना ती कौतुकाने म्हणाली, “वहिनी, दोन दिवस जास्त राहू म्हणतेय मी.”

“राहा की, वन्सं,” रोहिणी म्हणाली.

ओवीने आमटीचा भुरका घेतला. “आत्या, तू आलीस की आईचं डोकं दुखतं. तिने बाबांना सांगितलंय.”

गिरीशला, ओवीच्या बाबांना, ठसका लागला. आत्याने ताटातली पोळी तशीच ठेवली. ओवी मात्र शांत होती. कुणाला लागेल असं बोलताना पूर्वी ती नखं कुरतडायची, आईकडे चोरून बघायची. आता काहीच नाही. तिने सरळ बाबांकडे बघितलं, त्यांच्या मान हलवण्याची वाट बघत.

“खरं बोलली ना पोरगी,” गिरीश नंतर हसत म्हणाला. “तुला चोर पकडल्यासारखं झालं म्हणून राग येतोय.”

“ती बोलण्याआधी थांबली नाही, गिरीश.”

“मग?”

“माणूस थांबतो. खरं बोलायचं असलं तरी थांबतो.”

दुसऱ्या दिवशी ओवी अंघोळीला गेली असताना रोहिणीने चिमटा उघडला. प्रवाह देणाऱ्या दोन टिकल्यांवर तिने बिनरंगी नेलपॉलिशचा थर दिला. कातडी लागलेली आहे असं उपकरणाला वाटत राहावं म्हणून आतल्या तारांमध्ये एक छोटा रेझिस्टर सोल्डर केला. नाडी बघण्याचं काम प्रकाशावर चालायचं, ते तिने तसंच ठेवलं. बाहेरून चिमटा जसाच्या तसा होता. फक्त मुंगी आता चालणार नव्हती. हे तिने ओवीलाही सांगितलं नाही, गिरीशलाही नाही.

मग ती मुलीच्या पहिल्या खोट्याची वाट बघू लागली. फ्रिजमधले गुलाबजाम संपलेले दिसले की विचारायची, “कुणी खाल्ले?” “मी.” “अभ्यास झाला?” “नाही, रील बघत होते.” प्रत्येक खरं उत्तर आलं की रोहिणी मनात दिवस मोजायची. जोडण्या पक्क्या झाल्या की काय? आपण उशीर केला की काय? कुठली आई असा विचार करते, असंही तिला वाटायचं. पण विचार थांबत नव्हता.

अशात प्रयोगशाळेतला वर्णपटमापी, प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, फुटला.

शाळेत तो एकच होता. दुपारच्या सुट्टीनंतर रोहिणीने दार उघडलं तर तो फरशीवर आडवा, भिंगाचे तुकडे टेबलाखाली. प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. नववीचा वर्ग त्या वेळी पुढच्या मैदानावर फुटबॉल खेळत होता.

नांदवडेकर सर टॅब घेऊन थेट नववीच्या वर्गात आले. रोहिणी त्यांच्या मागे.

“विहान लोहार मघाशी खेळातून मध्येच गेला होता ना?”

“हो सर,” वर्ग म्हणाला.

“प्रयोगशाळेत गेला होता. हं? तुम्ही बघितलंत. त्यानेच पाडला ना तो?” सरांनी मान हलवली.

“हो सर.”

टॅबवर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा होत्या. एकच ठिपका पिवळा होता; कुणाचा, ते मागून रोहिणीला दिसलं नाही. विहान मागच्या बाकापाशी उभा होता, उंच, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. सुट्टीत तो वडिलांच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. वर्गात चिमटा नसलेला तो एकटाच. त्याचे वडील शाळेत येऊन सांगून गेले होते, “माझ्या पोराच्या कानाला कायबी लावायचं नाही. चुकला तर मला बोलवा, मी बघतो.” तेव्हापासून शाळेत काही हरवलं की माना विहानकडे वळायच्या. त्याच्या नावापुढे ठिपकाच नव्हता.

“बघा मॅडम,” सर बाहेर आल्यावर म्हणाले. “एवढी मुलं, एक सोडून सगळी हिरवी. कोर्टातसुद्धा असा पुरावा मिळत नाही. शनिवारी शाळा समिती बसतेय. दाखला हातात देऊ.”

“एका भिंगासाठी?”

“भिंगासाठी नाही. स्वतःहून पुढे आला का तो? नाही आला. आणि खरं सांगू, पुढच्या महिन्यात आपण शंभर टक्के सन्मती शाळा म्हणून नाव देतोय. एका मुलासाठी अडलंय.”

मैदानावरून प्रयोगशाळा दिसत नाही, हे रोहिणीला माहीत होतं. म्हणजे जे बघणं शक्य नव्हतं ते मुलांनी बघितलं होतं, आणि तेही स्वस्थ मनाने.

दुसऱ्या दिवशी तिने नववीच्या वर्गावरच्या तासाला टॅब मागून घेतला. प्रयोगशाळेतला पंखा उन्हाळ्यात रिवाइंडिंगला गेला होता तो आलाच नव्हता. छताला नुसता हूक होता, आणि मुलं दर आठवड्याला त्याखाली घामाघूम होत. वर्गासमोर उभी राहून ती सरांसारखीच म्हणाली, “विहान प्रयोगशाळेत होता तेव्हा पंखा चालू होता. हं? चालू होता ना?” आणि तिने मान हलवली.

“हो मॅडम!”

टॅबवर सगळं हिरवं, फक्त तोच एक ठिपका पिवळा. तो ओवीचा होता. ओवीही “हो” म्हणाली होती.

रोहिणी वळली, फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच प्रकाशाच्या अपस्करणाची आकृती काढू लागली. काढता काढता, सपाट आवाजात तिने विचारलं, “प्रयोगशाळेतला पंखा चालू असतो की बंद?”

टेबलावरच्या टॅबवर एकेक ठिपका पिवळा होऊ लागला. मुलांना बघायला चेहराच उरला नव्हता. बऱ्याच वेळाने पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पंखा नाहीच आहे की.”

रोहिणीने खडू खाली ठेवला.

“म्हणजे मी मुलांना खोटं शिकवलं?” नांदवडेकर सरांनी त्यांच्या केबिनमध्ये विचारलं.

“नाही सर. तुम्ही त्यांना तुमचा चेहरा शिकवला.” तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. “मुंगी चालते त्या क्षणी मेंदूत जे जे जागं असतं, ते सगळं पक्कं होतं. आपण ठरवलं खरेपणा पक्का करायचा. पण रोज सकाळी त्या क्षणी काय असायचं? माइक, रांगा आणि तुमची हलणारी मान. मान आधी, मुंगी नंतर. मेंदूने त्यातलं सगळ्यात सोपं उचललं. सर मान हलवतात ते खरं.”

“तुम्ही त्यांना फसवा प्रश्न विचारलात. चिमटा असताना असे प्रश्न विचारू नयेत असं मार्गदर्शिकेत आहे.”

“मार्गदर्शिकेत असंही आहे, की बटण ज्याचं नुकसान झालं त्याने दाबायचं. गृहपाठ समर्थचा उतरवला, तर बटण समर्थकडे हवं.”

सरांना हसू आलं. “बटण पोरांच्या हातात? मॅडम, खडू दिला तर फळा पुरत नाही त्यांना.” मग ते गंभीर झाले. “आणि तुमच्या ओवीचा ठिपका सारखा पिवळा येतोय. सोमवारी कंपनीचा माणूस बोलावलाय. चिमटा उघडून बघेल काय बिघडलंय ते.”

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. उपकरणात हात घालणाऱ्या शिक्षकाचं काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. रोहिणी उठली.

संध्याकाळी ओवीला मागे बसवून ती स्कूटरवर घरी निघाली. हिरण्यकेशीच्या पुलावर गर्दी नव्हती. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही आणि आपला त्याला दिसत नाही, म्हणून तिने तिथेच विचारलं.

“ओवी, पंखा नाही हे तुला माहीत होतं ना?”

“हो.”

“मग?”

पूल संपला. रोहिणीला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मग ओवी म्हणाली, “कानात गुदगुल्या होत नाहीत माझ्या. दिवाळीपासून.”

रोहिणीने ब्रेक लावला. स्कूटर रस्त्याच्या कडेला उसाच्या शेताशी थांबली. तिने मागे वळून बघितलं नाही.

“मी नेलपॉलिश बघितलं, आई. वास येत होता पहिल्या दिवशी. मला वाटलं, मी एकटीच ‘नाही’ म्हणाले तर सर चिमटा उघडून बघतील. मग तुझं काय? म्हणून सगळे म्हणतील ते मी म्हणायचे. गुलाबजामचं वगैरे सांगायचे ते खरंच होतं. पण काल सरांनी विचारलं आणि मी ‘हो’ म्हणाले. विहानच्या समोर. तो बघत होता गं माझ्याकडे.”

इतके दिवस रोहिणी ज्याची वाट बघत होती ते हेच होतं. मुलगी खोटं बोलू शकत होती, आणि बोलली होती ती आईसाठी. रोहिणीला आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीती वाटली. शिवाय आणखी एक शंका आता कायमची आत शिरली. मुंगी बंद होती, तरी ओवीने सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला होता. गेल्या वर्षी व्हिडिओ कुणी काढला हे कुणी सांगितलं नाही, तेव्हा तर चिमटेच नव्हते. मग चिमट्याने नवं असं काय केलं होतं?

“उद्या समितीपुढे वर्गाला बोलावलंय,” ओवी म्हणाली. “काय बोलू मी?”

उत्तर रोहिणीच्या ओठांवर आलं होतं. खरं तर दोन उत्तरं आली होती, एक शिक्षिकेचं आणि एक आईचं. तिने दोन्ही गिळली. यातलं कुठलंही उत्तर दिलं तरी ती मानच हलवणार होती.

“मला नको विचारू, बाळा.”

“असं काय गं!”

“खरंच नको विचारू.”

ओवी चिडली आणि घरी पोचताच स्कूटरवरून उतरून आत निघून गेली.

शनिवारी शाळेच्या सभागृहात समितीचे लोक खुर्च्यांवर आणि नववीचा वर्ग सतरंजीवर बसला. विहान आणि त्याचे वडील भिंतीशी उभे होते. वडील वर्कशॉपमधून तसेच आले होते. त्यांना बसायला खुर्ची दिली तरी त्यांनी घेतली नाही. रोहिणीने पंख्याची हकिकत सांगितली. समितीच्या अध्यक्षांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “मॅडम, हे फार तांत्रिक झालं. मुलांनाच विचारू.”

सरांनी पडद्यावर ठिपके दाखवले. मुलं एकेक करून उभी राहू लागली. “विहानने पाडला ना?” “हो सर.” हिरवा. “तू बघितलंस ना?” “हो सर.” हिरवा. विहानचे वडील जमिनीकडे बघत होते.

ओवीची पाळी आली. उभी राहताच तिचा ठिपका पिवळा झाला.

“घाबरू नकोस,” सर मायेने म्हणाले. “तू बघितलंस ना, हं?”

ओवीने आईकडे बघितलं. रोहिणीने नजर खिडकीबाहेर वळवली. मैदानावर गोलपोस्टची जाळी वाऱ्याने हलत होती. आता ओवी ‘हो’ म्हणाली तर आपली नोकरी राहील, असा विचार मनात आला आणि तो आला याची तिला चीड आली. सभागृहात कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. ओवी अजून बोलत नव्हती, आणि एवढा वेळ कुणी गप्प राहू शकतं हे मुलं विसरूनच गेली होती. सगळी वळून ओवीकडे बघू लागली.

“नाही सर,” ओवी म्हणाली. “मी नाही बघितलं. आम्ही मैदानावर होतो. तिथून काहीच दिसत नाही. परवा मी ‘हो’ म्हणाले ते खोटं होतं.”

“तुझा चिमटा बिघडलाय, बाळ.”

“बिघडलेला नाही, सर. मी बंद केलाय तो,” रोहिणी उभी राहून म्हणाली. “माझ्याबद्दल काय ठरवायचं ते नंतर ठरवा. आधी तिचं उत्तर घ्या.”

गलका झाला. त्या गलक्यात मधल्या रांगेतला समर्थ उभा राहिला. तो सरांकडे बघत नव्हता, ओवीकडे बघत होता. “सर, मीपण नाही बघितलं.” त्याचा ठिपका क्षणभर पिवळा झाला आणि परत हिरवा. मग आणखी एक मुलगी उठली. मग तिघं एकदम. “मीपण नाही.” “मीपण नाही, सर.” हिरवे, हिरवे, हिरवे.

अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला. “पुरावा राहिला नाही, सर. मुलाला सोडा.”

गिरीशने थोड्या वेळाने फोनवर विचारलं, तेव्हा रोहिणीला आपल्याला हायसं वाटलं असं सांगता आलं नाही. ती मुलं खरं बोलली होती, यात वाद नव्हता. पण कशी बोलली? त्यांना आठवलं म्हणून, की आता बघायला दुसरा चेहरा मिळाला म्हणून? टॅबला ते सांगता येत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. सर मात्र ठिपके बंद करून रिकाम्या पडद्याकडे बघत तसेच बसले होते. राजीनाम्याचं बोलायला समितीने तिला थांबायला सांगितलं होतं.

ती व्हरांड्यात आली तेव्हा ओवी नळावर तोंड धूत होती. विहान खांबाला टेकून उभा होता. त्याचे वडील गाडी काढायला गेले होते.

“सुटलास बाबा एकदाचा,” रोहिणी म्हणाली.

त्याने नुसतं बघितलं. त्या नजरेत सुटका नव्हती. आणि रोहिणीच्या एकदम लक्षात आलं, की या तीन दिवसांत सरांनी वर्गाला विचारलं होतं, तिने वर्गाला विचारलं होतं, समितीने वर्गाला विचारलं होतं. पंख्याचा प्रयोग रचणाऱ्या तिला एक साधा प्रश्न सुचला नव्हता. तो निर्दोष आहे हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

“विहान, तू गेला होतास का प्रयोगशाळेत?”

त्याने खांबाचा रंग नखाने खरवडला. खाली वडिलांनी हॉर्न दिला, तो त्याने ऐकला न ऐकल्यासारखा केला. ओवी नळ बंद करून ओल्या तोंडाने तिथेच थांबली.

“गेलो होतो, मॅडम,” तो अखेर म्हणाला. “सोडियमच्या दिव्याची ती पिवळी रेघ परत बघायची होती. हात लागला आणि पडला. सांगणारच होतो. पण सर वर्गात आले ते ‘त्यानेच पाडला ना’ म्हणतच आले. मग कुणाला सांगू? मला कुणी विचारलंच नाही.”

“आता तर तुला काही होणार नाहीये,” ओवी म्हणाली. “पुरावा नाही म्हणाले ते.”

“म्हणून तर.”

खालून पुन्हा हॉर्न वाजला. विहानने कठड्यावरून वाकून वडिलांना हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. मग शर्ट खोचत तो सभागृहाच्या दाराशी गेला. दार बंद होतं. आत रोहिणीच्या नोकरीवरून चढ्या आवाजात बोलणं चाललं होतं. त्याने दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा दार वाजवलं.

“आत येऊ का, सर?”